दुकानात लावलेली कॅसेट

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. चौसाळ्याला रस्त्यावर माझं किराणा दुकान होतं. पोरगी बीडला डी.एड. करत होती. आमच्या घराण्यात मास्तरीण होणारी ती पहिलीच. सराव पाठाला तिला गावचीच शाळा मिळाली, तेव्हा घरचा टेप ती वर्गात न्यायची. लेकरांना बोलतं करायची, त्यांचा आवाज भरून त्यांनाच ऐकवायची.

एका सोमवारी कॅसेट घरी ठेवून ती बीडला निघाली. म्हणाली, "आप्पा, ही लावू नका. लेकरं माझ्या भरवशावर बोलल्यात. पाठ झाला की पुसणार हाय."

मी बरं म्हणालो.

दुपारी दुकानात चारपाच जण टेकलेले. एकानं खोच मारली, "काय शेठ, पोरगी शिकवती का नुसती गाणी वाजवती?" सगळे हसले. माझं डोकं फिरलं. टेप आणायला आत गेलो.

घरची म्हणाली, "आवो, ती नको म्हणलीय ना? कावून लावता?"

"तू गप बस."

घरचीला देवाघरी जाऊन आता वर्ष झालं. जन्मभर गप बसवलं मी तिला, पण त्या दिवशीचं लई सलतं.

कॅसेट लागली. एका पोरानं शेळ्यांची नावं सांगितली, दुकान हसलं. मग दुसरीतल्या एका पोरीचा बारीक आवाज आला. "माझी ताई घरी न्हाई. तिला लगीन नको, दहावी करायचीय. ती तेलगावला मावशीकडं हाय. आई म्हणली कुणाला सांगू नको."

कुणी हसलं नाही. तिचा बाप तिथंच तंबाखू घ्यायला उभा होता. थोरल्या पोरीला तो आठ दिवस हुडकत होता, हे सगळ्या गावाला ठाऊक. मी बटण दाबलं, पण बोलणं होऊन गेलं होतं.

तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, "शेठ, आजून एकदा लाव की."

मी हललो नाही. तंबाखूची पुडी तशीच टाकून तो जीपच्या थांब्याकडे गेला.

घरचीनं दारातून सगळं ऐकलं होतं. तिनं हातातलं पीठ धुतलं आणि मिळेल त्या एसटीनं ती तेलगावला गेली. मी गल्ल्यावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी आली ती पाण्याचा तांब्या तोंडाला लावून मगच बोलली. "दार सताड उघडं व्हतं. चुलीवर भाकर जळत व्हती. माणूस एक न्हाई."

आठवड्याच्या आत लगीन उरकलं. कुठं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

शनिवारी पोरगी आली. "कुणी लावली?"

"मी."

ती भांडली नाही. म्हणाली, "चूक माझीच. कुलपात ठेवायला पायजे व्हती." अन् शाळेत गेली. परत आली ती उंबऱ्यातच बसली.

"आप्पा, ती धाकटी आली व्हती वर्गात. मी नुसतं नाव इचारलं, तर तिनं दोनी हातांनी तोंड दाबून धरलं."