डॉक्टरचे पाच कोट

डोरिन पाश्चुक कापडावर कात्री चालवत असली की तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा आमच्या शिवणघराचा पहिला नियम. दुसरा नियम माझ्यामुळे झाला होता: माझ्या टेबलाजवळ पांढरे कपडे घालून यायचं नाही. मी ग्लेनिस. डोरिननं शिवलेले कोरे करकरीत कपडे मळवायचे, झिजवायचे, फाडायचे, आणि गोष्टीत कुणी मरणार असलं की रक्तानं माखायचे, हे माझं काम. बाईनं आठ दिवस खपून शिवलेला कोट मी दगडानं घासायला घेतला की ती तोंड फिरवून बसायची. "कसाई आहेस, कसाई!" म्हणायची. आणि दुपारी स्वतःच्या डब्यातल्या पेरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, माझ्यापुढे सरकवायची.

व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबीत, रुळांच्या मागे लाकडाची एक जुनी वखार आहे. तिथे 'तिसरा कंदील' नावाची मालिका तयार व्हायची. कंदील म्हणजे अंतराळयान. प्लायवूडचं होतं, पण दिवे लावले की खरं वाटायचं. दोन पर्वं झाली होती. समीक्षक नाक मुरडायचे, लोक मात्र न चुकता बघायचे. दर आठवड्याला नवा ग्रह, नवं संकट, आणि शेवटी सगळे एका टेबलाभोवती जेवायला. गणवेश आकाशी, त्यावर पितळी बटणं. तो आकाशी रंग डोरिनचा. सस्कॅचवानच्या गव्हाच्या मुलखात ती वाढली, बाराव्या वर्षी आईबरोबर चर्चच्या गायकांचे झगे शिवायला बसली, आणि नवऱ्यानं टाकल्यावर एक बॅग आणि एक लोखंडी कात्री घेऊन व्हँकुव्हरला आली. ही एवढी माहिती काढायला मला दोन वर्षं लागली. आपणहून बोलेल तर शपथ!

बोलायची ती एकाच माणसाशी. ह्यू लँगिलशी. यानाचा डॉक्टर तो. नोव्हा स्कोशियाचा, अठ्ठावन्न वर्षांचा, मोठ्या नाकाचा. तीस वर्षं त्यानं बँकेतले कारकून, हवालदार आणि प्रेतं केली होती. पडद्यावर त्याला नाव मिळालं ते आमच्याकडेच. माप द्यायला यायचा तो नेहमी अर्धा तास आधी.

"डॉक्टर, पोट सुटलंय," डोरिन टेप आवळत म्हणायची.

"बाई, ते पोट नाही, अनुभव आहे."

"मग अनुभवाला एक इंच ढील देते."

दोघं हसायची. प्रेम वगैरे म्हणाल तर तसलं काही नव्हतं. पण त्याला माप देऊन झालं की ती दिवसभर गुणगुणायची, हे मी या कानांनी ऐकलंय.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जिवंत माणसाला दोन कोट लागतात. एक घालायला, एक अडीनडीला. मरणाऱ्याला जास्त लागतात. एक धडका, एक फाटका, एक रक्ताचा, एक त्याच्याऐवजी उडी मारणाऱ्या गड्याला, आणि प्रसंग पुन्हा चित्रित करायचा झाला तर वर एखादा. त्यामुळे कोण मरणार हे लेखकांच्या खालोखाल आम्हाला कळायचं, नटाच्या कितीतरी आधी. पहिल्या पर्वात वैमानिक बाईची सहा जाकिटं सांगितली, डोरिन म्हणाली, "गेली बिचारी." गेली. दुसऱ्यात आचाऱ्याचे चार अंगरखे. तोही गेला. डोरिनचा अंदाज कधी चुकला नव्हता, आणि त्याबद्दल आम्ही बाहेर कधी चकार शब्द काढला नव्हता.

एप्रिलमध्ये चित्रीकरण थांबतं आणि जुलैत पुन्हा सुरू होतं. एरवी ही सुट्टी मजेत जायची. सेटवर प्लास्टिक टाकायचं, उरलेली बटणं मोजायची, लेखक चहाच्या टेबलावर हस्तलिखितं टाकून जायचे ती वाचून दात काढायचे. त्या वर्षी मात्र लॉस एंजेलिसहून नवा निर्माता आला. ब्रेंट कासलर. हळू बोलायचा, इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. पहिल्याच दिवशी त्यानं मालिकेतल्या सगळ्यांचे फोटो भिंतीवरून उतरवायला लावले. का, ते सांगितलं नाही. भिंतीवर फिकट चौकोन तेवढे राहिले. आम्ही येता-जाता त्या चौकोनांकडे बघायचो आणि बघितलं नाही असं दाखवायचो.

मग तोंड बंद ठेवण्याचा कागद आला. गोष्टीतलं अक्षर जरी बाहेर फुटलं तरी नोकरी गेली. सगळ्यांनी सह्या केल्या. हस्तलिखितं तर दिसेनाशीच झाली. लाल कागदावर छापलेल्या मोजक्या प्रती कुलपात असायच्या. आमच्यापर्यंत यायच्या त्या फक्त मागण्या. आकाशी कापड बंद. पितळी बटणं बंद. आता सगळं कोळशासारखं काळं, बटण दिसता कामा नये. सुतार यान आतून काळं रंगवत होते. जेवणाचं टेबल एका सकाळी करवतीनं कापून बाहेर नेलं.

"आता जेवणार कुठे ही माणसं?" मी विचारलं.

"कोण उरतंय जेवायला, ते बघायचं," डोरिन म्हणाली.

सेटवर चिठ्ठ्या लागल्या. पिवळी म्हणजे ठेवा, लाल म्हणजे मोडा. रोज जाऊन बघायचो, लाल चिठ्ठ्या वाढलेल्या असायच्या. नटांना तर काहीच ठाऊक नव्हतं. दोघीजणी फोन करून रडल्या. मलाही घरी जेवण जाईना. वाटायचं, या वखारीत कुणीतरी यादी घेऊन फिरतंय आणि आपण फक्त खिळ्यांचे आवाज ऐकतोय.

मेच्या अखेरीला ती मागणी आली. डोरिननं कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग माझ्या हातात दिला. डॉक्टरचा लांब कोट, काळा. नग पाच.

"अगं पण रक्ताची मागणी माझ्याकडे नाही आली," मी म्हणाले.

"येईल. ती नेहमी मागाहून येते."

खरं होतं ते. पण इतकी मागाहून कधी येत नव्हती, हेही खरं होतं, आणि ते मी बोलले नाही. का बोलले नाही? कारण त्या हळू बोलणाऱ्या माणसाचा मला राग होता. त्यानं ह्यूला मारावं हे त्याला शोभूनच दिसत होतं. माणसाला जे खरं असावंसं वाटतं, तिथे त्याची बुद्धी चालत नाही. माझी तर मुळीच चालली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सेटवर गेलो. डॉक्टरच्या दवाखान्याच्या दारावर लाल चिठ्ठी होती. डोरिन तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग परत येऊन तिनं कोट कापायला घेतले.

जूनच्या मध्यावर ह्यू आला. हातात स्वतः केलेल्या नानाइमो बारचा, चॉकलेटच्या वड्यांचा डबा. खुशीत होता. दर वर्षी त्याला कराराचं नवं पत्र यायचं आणि तीस जूनच्या आत सही करून द्यावी लागायची. पत्र त्याच्या खिशातच होतं.

"हॅलिफॅक्सच्या नाटक कंपनीचा फोन आला होता," तो म्हणाला. "सहा महिन्यांचं काम देतायत. माझ्या गावाजवळ! तीस वर्षांत कधी हुंगून बघितलं नाही मेल्यांनी, आणि आता देतायत. नाही म्हणणार आहे."

"नाही?" डोरिन म्हणाली.

"अगं, मला तिसऱ्या वर्षी कुणी परत बोलावलंय असं आयुष्यात पहिल्यांदा होतंय. उद्या सही करून टाकतो."

डोरिनच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तशाच राहिल्या. त्यानं मला एक तुकडा भरवला, तिला डोळा मारला आणि गेला.

तिनं टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. मी म्हटलं, "डोरिन, कागदावर सही केलीयस. एकसष्टाव्या वर्षी तुला कोण नोकरी देणार?"

"आणि त्याला? पहिल्याच भागात मारतील त्याला. हॅलिफॅक्सही गेलेलं असेल. मग काय करेल तो? पुन्हा प्रेतं?"

ती धावत सुटली. साठीच्या बाईला धावताना बघून इस्त्रीवाली पोरगी हसायला लागली, तिला मी गप्प बसवलं आणि मागोमाग गेले. बाहेर भुरभुर चालू होती. ह्यू गाडीचं दार उघडून उभा होता. डोरिननं त्याची बाही धरली. काही बोलायची गरजच पडली नाही. दोन पर्वं काढलेल्या नटाला तिचा चेहरा वाचता येत होता, आणि कोटांचा हिशोब तो शिवणघरात बसून बसून केव्हाच शिकला होता.

"किती?" त्यानं विचारलं.

"पाच."

तो हसला. मला तर ते हसणं अजून आठवतं आणि नकोसं होतं. "पाच! वैमानिकापेक्षा एक कमी. तिला सहा मिळाली होती ना?" मग त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "बाई, हे तू मला सांगितलं नाहीस. मी हॅलिफॅक्सला चाललोय कारण मला समुद्राची आठवण येते. बस."

त्यानं सही केली नाही. एक जुलैला तो निघून गेला.

आठवडाभरानं कासलर शिवणघरात आला. पहिल्यांदाच आला होता. पाच काळे कोट खुंट्यांवर ओळीनं लटकत होते. त्यानं एकेकाच्या खांद्यावरून हात फिरवला.

"सुंदर झालेत," तो म्हणाला. "मिस्टर लँगिल का गेले, तुम्हा दोघींना काही कल्पना आहे? अख्खं पर्व मी त्यांच्यासाठी लिहिलं होतं. त्यांना भेटलो त्याच दिवशी कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं, नटाला ते पहिल्या वाचनालाच कळावं म्हणून. ती चूक माझी." मग त्यानं सगळी गोष्ट सांगितली, शेवटासकट, त्या हळू आवाजात. यान एका काळोख्या पट्ट्यात शिरतं आणि डॉक्टरचे पाच डॉक्टर होतात. पाच वेगवेगळी माणसं, एकच चेहरा. दवाखाना मोडला तो त्या जागी पाच खोल्या बांधायला. पाचही भूमिका ह्यूच्या.

मी डोरिनकडे बघितलं नाही. मी कोटांकडे बघितलं. उड्या मारणारा गडी ह्यूपेक्षा खांद्यात दोन इंच रुंद. मेलेल्याच्या कोटांतला एक नेहमी त्या गड्याच्या मापाचा असतो. हे पाचही ह्यूच्याच मापाचे मागवले होते. तिनं स्वतःच्या हातानं पाच वेळा तेच माप कापलं होतं. जवळजवळ पन्नास वर्षं कात्री धरलेल्या बाईला हे दिसलं नाही, आणि रक्ताचा कागद आलाच नाही हे मला दिसूनही मी गिळलं.

"काही कल्पना नाही," डोरिन म्हणाली.

त्यानं मान हलवली. जाताना सांगून गेला की दुसरा माणूस ठरलाय, चाळिशीतला आहे, अंगानं सडसडीत. कोट त्याच्या मापात घ्यावे लागतील. नवे शिवायला वेळ नाही.

तिनं त्या दिवशी चार कोट उसवले. मी मदत करायला गेले तर माझा हात बाजूला केला. पाचवा उसवायच्या आधी तिनं हॅलिफॅक्सला फोन लावला. मी म्हटलं, "कशाला सांगतेस? त्याला काय मिळणार ऐकून?" तर म्हणाली, "टीव्हीवर बघेल तो ऑक्टोबरात. एकटा बसून बघेल." शिवणघरातलाच फोन, मोठ्यानं ऐकू येणारा. तिनं सगळं सरळ सांगितलं. स्वतःची चूक, मापासकट. एकही शब्द मऊ केला नाही.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"पाचही मीच?" ह्यू म्हणाला.

"हो."

"एकमेकांशी बोलतात?"

"भांडतात. चार काळोखात विरून मरतात. शेवटी एक उरतो."

"कोणता?"

डोरिननं डोळे मिटले. "भित्रा. दार लावून बसणारा. बाकीचे चार त्याला हसत असतात."

मग त्यानं घसा साफ केला, आणि एका वाक्यात त्याचा आवाज बदलला. लहान झाला, कोपऱ्यातून आल्यासारखा, खरोखर कुणीतरी दाराला पाठ लावून बसलंय असा. "बाहेर कोण आहे?" एवढंच म्हणाला. इस्त्रीवाली पोरगी इस्त्री हातात धरून थिजली.

"असा केला असता," तो आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. "चांगला झाला असता ना, बाई?"

"फार चांगला," डोरिन म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.