चाकाला कुंकू

थांबा. ह्ये आजच सांगाय पायजे. आत्ता, ह्याच घटकेला. उद्या सकाळी धा वाजता आमच्या सायकल क्लबाची बैठक हाय, आन तितं टेबलावर एक कागद असंल. त्याच्यावर माजी सही पायजे त्यास्नी. मला लय भ्या वाटतंय. भ्यालेला माणूस सही करतो, म्हणून त्याच्या आदी सगळं लिवून काडतोय. अक्षर वाकडं आलंय. तसंच वाचा.

कुंकवापासनं सांगतो.

आमचा क्लब इस्लामपूरच्या बाजूचा. दिवाळी झाली की हंगाम सुरू. आमी सहाजण. अध्यक्ष आबासाहेब, म्हंजी नदीकाठचा ऊस त्यांचा, नदीवरच्या पाण्याच्या मोटारी त्यांच्या, दारात जीप. सहा सायकलीबी त्यांच्याच. कॅप्टन त्यांचा पोरगा, रणजित. सगळी त्याला दादा म्हणत्यात. मी त्याच्यापेक्षा सा म्हैन्यांनी मोठा हाय, तरी मीबी दादा म्हणतो.

पैल्या शर्यतीच्या सकाळी आबासाहेबांच्या अंगणात सहा सायकली वळीनं लावल्या. मडगार्ड काडल्याली, कॅरियर काडल्यालं, चेनला ताजं तेल. परतेक सायकलीपाशी तिचा गडी हुबा. दादाच्या आई, आईसाहेब, ताट घिऊन आल्या. पैल्यांदा दादाला ववाळलं. कपाळाला कुंकू, डोस्क्यावर अक्षता. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला. पाचवा बाळू, शिंप्याचा पोरगा, माजा दोस्त. त्यालाबी. मग माजी पाळी. मी डोळं मिटलं. खरंच सांगतो, मिटलं हुतं.

कपाळाला कायच लागलं न्हाई.

डोळं उघडलं तर आईसाहेब खाली वाकल्याल्या. माज्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बोट टेकवत हुत्या. रिमवर टिळा. दोन अक्षता टायरावर. मग उठल्या, माज्याकडं न बगता म्हणल्या, "झालं. फोडा रं नारळ."

चाकाला!

सायकल त्यांची, ती चालती. वर बसणारा चालत न्हाई. मी बौद्धवाड्यातला.

कुणी हसलं न्हाई, कुणी कुजबुजलंसुदिक न्हाई. जसं काय असंच असतंय. बाळूनं आपल्या कपाळावरचं कुंकू मनगटानं पुसलं. घाम आला म्हणून का शरमला म्हणून, ह्ये मी आजपतूर इचारलं न्हाई.

घरी सांगितलं. तात्या, माजा बा, आबासाहेबांच्या नदीवरच्या मोटारीवर राखणीला हाय. ऐकून म्हणला, "आपण कुंकू कवाच सोडलंय. तुज्या आज्यानं देव गाठुड्यात बांधून नदीला दिलं, मी सोता बगितलंय. जे नगंच हुतं ते मिळालं न्हाई. मग त्वांड कशाला पाडतोस?"

आय भाकरी थापत हुती. थापायची थांबली.

"नगं म्हणायचं आपल्या हातात हुतं," ती म्हणली. "तिनं त्येबी काडून घेतलं की वो."

मी दुसऱ्या दिशी परत सायकलवर बसलो. का? तर भ्या. तात्या मोटारीवर. सायकल त्यांची. आन अजून एक, खोटं कशाला बोलू: सायकल मला लय आवडायची. पायडल फिराय लागलं की मी कुणाचा कोण ह्ये मागं पडायचं. आसं वाटायचं तरी.

आता चाकाचं सांगतो, त्याबिगार पुढचं कळायचं न्हाई.

शर्यतीत पंचर झालं तर रस्त्यावर बसून काडायला येळ नसतो. म्हणून आमच्या क्लबात एक रीत हाय. कॅप्टनचं चाक गेलं की गड्यानं आपलं चाक काडून द्यायचं. क्लबानं सहाच्या सहा सायकलींना एकाच मापाची चाकं घातलीत ती त्यासाटीच. कॅप्टन पुढं जाणार, त्यो जिंकला म्हंजी क्लब जिंकला. रीत म्हणून चांगली हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण देणारा कोण? कागदावर कुटं लिवल्यालं न्हाई, पण पाना माज्याच खिशात. नट सोडायचा पाना सहाजणांत एकच, आन त्यो माज्याकडं. हंगामाच्या पैल्या दिशीच दादानं दिला. हातात न्हाई दिला, सीटवर ठिवला. "तू ठेव," म्हणला.

दादाच्या चाकाला खिळं लय आवडायचं. बाळू म्हणायचा, "आपल्या कॅप्टनच्या टायरात लोहचुंबक हाय गड्या." चार शर्यतीत तीनदा मी चाक दिलं. पाटणच्या रस्त्याला दिलं तवा तर मी दादाच्याबी पुढं हुतो, मागनं हाक आली, "ए, चाक!" मी थांबलो. काडलं. दिलं. मग पंचर झाल्यालं चाक लावून सायकल खांद्यावर मारली आन चालत निगालो. रस्त्याकडंची पोरं वरडत हुती, "आरं, सायकल तुज्यावर बसली का रं?" मी हसलो. बगा, मी हसलोसुदिक!

आन सगळ्या शर्यतीत वारं फोडायला पुढं मीच. पुढचा वारं खातो, मागच्याला सोपं जातं. दादा माज्या चाकाला टायर लावून मैल न् मैल यायचा. माज्या पाठीमागच्या वाऱ्याला इटाळ नसतोय.

मग आली शेवटची शर्यत. सातारा ते सांगली. पैल्या तिघांना जिल्ह्याच्या संघात घेणार, आसं ठरल्यालं. जिल्ह्याच्या संघात गेलं की सायकल संघाची मिळती. आबासाहेबांची न्हाई! मला त्ये पायजे हुतं. निस्तं त्येवढंच. कुणाची तरी दुसऱ्याची सायकल.

साताऱ्याला जायच्या सकाळी अंगणात परत ताट. पाच कपाळं, एक चाक. ह्या टायमाला मी डोळं मिटलं न्हाईत.

सुटलो. उंब्रज गेलं, कराड गेलं. ऊन चढलं. पुढं आमी तिघंच उरलो, मी, दादा, आन सांगलीचा एक तालीमवाला गडी, मांड्या आशा की लाकडाचं ओंडकं. पेठ नाक्याला वळून इस्लामपूरच्या रस्त्याला लागलो आन मागं फस्स झालं. मला बगायची गरजच न्हवती. आवाज वळखीचा हुता.

"ए, चाक! पुढचं गेलंय, पुढचं दे!"

मी थांबलो. बगा कसं असतंय, डोस्कं काय म्हणायच्या आदी पाय थांबलं. उतरलो, खिशातनं पाना काडला, बसलो, डाव्या अंगाचा नट सोडाय लागलो. सांगलीचा गडी पुढं निगून गेला. दादा माज्या डोस्क्यावर हुबा. "आवर की रं, आवर." नट सैल झाला. दुसऱ्या अंगाला जायचं म्हणून चाक धरलं, आन बोटाला लाल लागलं.

सकाळचं कुंकू. घामानं भिजल्यालं. माज्या बोटाला.

मी बोटाकडं बगत बसलो. किती येळ, दोन श्वास आसतील. मला आयचं थांबल्यालं हात दिसलं, भाकरीवरचं. दादाचा बूट माज्या गुडघ्याला लागला. लाथ न्हाई म्हणता यायची. ढोसला.

"हात चालव. का तुज्या बाला इचारून यायचं व्हय?"

मी उठलो. पाय लटलट कापत हुतं. आवाज निगाला त्यो माजा हाय आसं मलाच वाटंना.

"न्हाई देत."

"काय?"

"चाक न्हाई देत, रणजित."

दादा न्हाई म्हणलो. ठरवून न्हाई, आसंच निगालं. त्याचं त्वांड बगाय पायजे हुतं तुमी. राग मागनं आला. आदी त्याला कळंचना, जशी काय सायकलच बोलली त्याच्याशी.

मी टांग मारली आन सुटलो. आन दहा-बारा पायडल मारल्यावर ध्यानात आलं, डावा नट सैल हाय.

आता ऐका, मी थांबलो न्हाई. थांबलो आसतो तर त्यो पळत आला आसता, आन परत "दे" म्हणला आसता तर मी दिलं आसतं. ह्ये मला पक्कं ठावं हुतं. माज्यातला द्येणारा लय जुना हाय. म्हणून सैल नटावरच चाललो. चाक हालाय लागलं. खड्डा आला की हँडल थरथर करायचं, चाक फोर्कला घासून किर्र किर्र. आता निसटंल, आता त्वांडावर पडीन, दात जातील, मान मोडंल. मागं जीपचा आवाज येतोय का म्हणून कान मागं. पुढं चाक, मागं जीप. मी रडत हुतो, लाज न्हाई सांगायला. आसं भ्या माज्या जल्मात कवा वाटलं न्हवतं. तरी पाय थांबलं न्हाईत. ह्या टायमाला डोस्कं थांब म्हणत हुतं आन पाय न्हाई म्हणत हुतं.

इस्लामपूर पार झालं, आष्ट्याच्या अलीकडं एक बाभळ हुती, तितं उतरलो. मागं कुणी न्हाई. पाना काडला. हात इतकं कापत हुतं की पाना दोनदा धुळीत पडला. नट आवळला. सोताच्या चाकाचा नट सोताच आवळला, हंगामात पैल्यांदा. त्येवढ्यात दोन गडी मला मागं टाकून गेलं. म्हंजी सांगलीला पोचलो त्यो चौथा. तिघांना घेणार हुते. मी चौथा.

जिंकलो आसं सांगायला मला आवडलं आसतं. न्हाई जिंकलो.

मैदानात माज्या मागोमाग आबासाहेबांची जीप आली, दादा आत बसल्याला. सगळ्या लोकांच्या म्होरं आबासाहेब म्हणले, "उतर." मी उतरलो. त्यांनी सायकल काडून घेतली, जीपवर टाकली. मला म्हणले, "सायकल दिली तर तुला वाटलं पंख फुटलं. तुज्या बाला सांगून ठेव, मोटारीवर दुसरा माणूस बगतोय मी."

सांगलीवरनं एका उसाच्या ट्रकवर बसून घरी आलो.

काल बाळू आला, कागद घिऊन. वाचून दावला. "मी मत्सरापोटी कॅप्टनच्या सायकलीचे चाक खराब केले व त्यामुळे त्यांना शर्यत सोडावी लागली. मला माफी मिळावी." आन खाली माज्या नावाची जागा मोकळी.

"मी खराब केलं?" मी म्हणलो. "बाळ्या, तू मागं हुतास. तू आलास तवा तितंच हुता की त्यो, पान्याबिगार. खिळा बगितलास न्हवं?"

"बगितला." बाळू जमिनीकडं बगत हुता. "सही करून टाक रं. कागदच हाय. तात्याचं काम ऱ्हाईल. आबासाहेब म्हणले, सायकलबी परत देतील."

"आन पाना?"

"काय?"

"पाना कुणाच्या खिशात ऱ्हाईल?"

बाळूनं कागदाची घडी घालून खिशात ठिवली. जाताना उंबऱ्यात थांबला, "माज्यावर रागावू नगंस गड्या," म्हणला. मी रागावलो न्हाई. त्यालाबी भ्याच वाटतंय. त्याच्या कपाळाला कुंकू लागतंय, येवढाच फरक.

आज सकाळी तात्याला सगळं सांगितलं. कामावर निगाला हुता, डबा हातात. मला वाटलं म्हणंल, कर सही. मी वाट बगत हुतो की त्यो म्हणंल, म्हंजी मी सुटलो आसतो. तात्यानं डबा खाली ठिवला, परत उचलला. म्हणला, "मोटार आबाची हाय. त्वांड तुजं हाय." आन गेला. पाचला यील. का दुपारीच हाकलून देत्यात म्हणून आदीच यील, काय सांगता येत न्हाई. वाटंवर कुणाची चप्पल वाजली की मी दारात जाऊन बगतोय.

पाना अजून माज्याकडंच हाय. हितं वहीवर ठिवलाय, वाऱ्यानं पान उडू नये म्हणून. उद्या धा वाजता मी जाणार. पळून न्हाई जाणार, जाणार. त्यो कागद टेबलावर आसंल, त्याच्यावर ह्यो पाना ठेवणार. सीटवर न्हाई, जमिनीवर न्हाई, आबासाहेबांच्या म्होरं टेबलावर. म्हणणार, "ह्यो तुमचा पाना. मोजून घ्या, एकच हाय. सही न्हाई." तवाबी पाय कापतील. कापू द्यात. सैल नटावर मी आष्ट्यापतूर गेलोय.

कुणाचीबी सायकल मिळू दे न्हाईतर न मिळू दे, दुसऱ्याच्या खिळ्यासाटी माजं चाक आता सुटणार न्हाई.

आन तुमी, वाचताय ती, खरं सांगा. तुमास्नी कवा कुणी वलांडून गेलंय का, तुमच्या हातातल्या वस्तूला टिळा लावून? तुमच्या खिशात कुणी पाना ठिवलाय का? बगा जरा चाचपून. आसंल तर मला सांगा, आन लगोलग सांगा, धाच्या आदी.