अंधारात बघणारा कॅमेरा

मेधाचा फोन आला तेव्हा योगिनी बिरादार चिक्कडपल्लीच्या बाजारात भाजी निवडत होती. मेधा मूळची पुण्याची. तारनाक्याला नृत्याचे वर्ग चालवते आणि मनातलं तोंडावर बोलते. तिच्या विद्यार्थिनींच्या कार्यक्रमाचे फोटो योगिनीने आदल्या दिवशीच पाठवले होते.

"फोटो चांगले आहेत गं," मेधा म्हणाली, "पण बऱ्याच ठिकाणी मुली धूसर आणि मागचा पडदा स्पष्ट आलाय. आणि शेवटी डावीकडून दोघी आल्या ना, त्यांचा तर एकही नाही."

"डावीकडून कोणी आलं होतं?"

"अगं, तुझ्या समोरून गेल्या."

योगिनी म्हणाली, कॅमेरा जुना झालाय, कमी उजेडात दगा देतो. फोन ठेवल्यावर ती भाजी न घेताच घरी आली.

ती जुन्या निजामी मुलखातल्या, उदगीरकडच्या शेतकरी घरातली. वडील निजामाच्या जुन्या राजधानीत, मलकपेठेत मिरचीचा व्यापार करायला आले आणि इथलेच झाले. योगिनी फोटोग्राफी शिकली ती शहरातल्या मुसलमान लग्नांत. तिथे बायकांच्या बाजूला बाईच फोटोग्राफर लागते, म्हणून तिला कामाची कधी वाण पडली नाही, आणि इथली दखनी उर्दू तर मराठीइतकीच तोंडात बसली. पण हल्ली लग्नांची तऱ्हा पालटली होती. पूर्वी फ्लॅश मारला की काम व्हायचं. आता नवऱ्या आधीच सांगत, "फ्लॅश नक्को, आपा." हॉलमध्ये मंद पिवळे दिवे, वर कोरड्या बर्फाचा धूर.

त्या फोननंतर तिला चैन पडेना. पोळ्या लाटताना मोबाईलवर कॅमेऱ्यांची तुलना चालू असे. इकडे तव्यावरची पोळी जळायची, तिकडे ती मोठा सेन्सर बरा की हलका कॅमेरा बरा ते ऐकायची. कोठी भागातल्या श्रीनिवास यांच्या दुकानातून ती भाड्याने एकेक कॅमेरा आणू लागली, सगळे तिच्या सवयीचे, आत आरसा असलेले. पहिल्यात एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटले. दुसरा इतका जड की संध्याकाळ संपेपर्यंत मनगट धरलं. तिसऱ्यात खोट काढता येईना, तरी तिने तो परत केला. दिवसा सगळेच चांगले वाटत. हॉलमध्ये शिरलं की काहीतरी निसटायचं, आणि काय ते कळायचं नाही.

"एक काहीतरी ठरव ना," तिचा नवरा गौतम म्हणाला. "मांडीवर कॅमेरा घेऊन जेवायला बसतेस हल्ली."

"मिळाला की ठरवीन," ती तुटकपणे म्हणाली.

मलकपेठेतल्या एका शादीखान्यात नवरी आत यायची वेळ झाली आणि मोठे दिवे बंद केले. योगिनी नेहमीसारखी उलट पावलांनी मागे सरकत फोटो काढत होती. मधली पायरी तिला दिसली नाही. ती शरबताच्या टेबलावर जाऊन आदळली. पेले फुटले, कुणाच्या तरी शराऱ्यावर लाल शरबत सांडलं, कॅमेरा मात्र तिने छातीशी धरून ठेवला.

नवरीच्या आजीने तिला उठवून खुर्चीत बसवलं. "लगा क्या, बेटा?"

"नहीं, अम्मा. अंधेरा था, सीढ़ी दिखी नहीं."

आजीने हॉलभर नजर फिरवली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "इत्ता अंधेरा कहाँ है? मेरेकू तो सब दिखता."

योगिनीने इकडे तिकडे पाहिलं. लहान पोरी टेबलांमधून बिनधास्त पळत होत्या. वाढपी हातात ताटं घेऊन पायऱ्या चढत होते. अंधार तिच्या एकटीपुरता होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार होता, रातांधळेपणाने सुरू होणारा. मंद उजेडात दिसणं कमी होत जातं, हळूहळू बाजूची नजरही आखडते. डावीकडची तिची आताच कमी झाली होती. किती वेगाने वाढेल ते सांगता येत नाही, दर काही महिन्यांनी तपासत राहू, असं ते म्हणाले. घरात आणखी कुणाला होतं का, असंही विचारलं.

तिने ते घरी येऊन आईला विचारलं. कुसुमताई शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"माझा नामदेवमामा दिवेलागणीनंतर कुठे जायचा नाही," त्या म्हणाल्या. "जेवणावळीला बोलावलं तरी नाही. आम्ही त्याला घमेंडखोर म्हणायचो." मग त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "तू आता हे काम सोडणार का गं?"

"माहीत नाही, आई."

चार दिवस ती घरात नुसती फिरत राहिली. संध्याकाळ झाली की सगळे दिवे लावायची, आणि एकेक बंद करून पाहायची, कुठवर दिसतं ते. पाचव्या दिवशी ती उठली आणि भर दुपारी श्रीनिवास यांच्या दुकानात गेली. त्यांना खरं ते सांगितलं आणि म्हणाली, "शटर खाली घ्या, दिवे घालवा."

श्रीनिवास गोंधळले, पण त्यांनी तसं केलं. शटरच्या फटीतून आला तेवढाच उजेड उरला. योगिनीने आपला जुना आरशाचा कॅमेरा डोळ्याला लावला. काळोख. काचेतून येणारा खराच उजेड तो दाखवत होता, आणि तो तिच्या डोळ्यांना पुरत नव्हता. मग त्यांनी बिनआरशाचा, मिररलेस म्हणतात तो, एक कॅमेरा जास्त उजेड आत घेणाऱ्या लेन्ससकट तिच्या हातात दिला. त्याच्या आत छोटा पडदा होता. सेन्सर जे टिपेल ते उजळून तो दाखवत असे.

तिला श्रीनिवास दिसले. चष्मा, शर्टचा खिसा, मागच्या फळीवरचे खोके, खोक्यांवरची अक्षरं. चित्र थोडं रवाळ होतं आणि मान वळवली की किंचित मागे राहायचं. तिने कॅमेरा खाली केला, सगळं नाहीसं झालं. परत वर केला. असं तिने किती वेळा केलं कोण जाणे.

"मॅडम, रो रहे क्या?" श्रीनिवासनी विचारलं.

"नहीं. रुको, और देखने दो."

आता तिचे प्रश्न बदलले. कोणाचा आतला पडदा जास्त उजळ, कोणाची बटणं नुसत्या बोटांना सापडतात, कोणता कॅमेरा चेहरा आपणहून पकडतो. सगळ्यांत नावाजलेला मागे पडला. त्याची बटणं सपाट होती. तिने घेतला तो मधल्या दर्जाचा, धरायची मूठ खोल असलेला.

मेधाचा पुढचा कार्यक्रम जवळ आला होता. योगिनीने तिला डोळ्यांचं सांगितलं. मेधाने सरळ विचारलं.

"मला खरं सांग, जमेल का?"

"जागा न बदलता जमेल. पण डावी बाजू दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल."

मेधाने तिच्या वर्गातली केतकी सुचवली. केतकी दिवसा कंपनीत नोकरी करायची आणि हौसेने फोटो काढायची. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच दोघी नाट्यगृहात गेल्या. योगिनीने रांगांमधून चालून पावलं पक्की केली, पायऱ्यांच्या कडांना पांढरी पट्टी लावली. मुलींचा सराव पाहून कोण कुठून येते ते पाठ केलं.

संध्याकाळी दिवे मंदावले. आजूबाजूची माणसं विरघळून गेली. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि रंगमंच परत आला. शटरचा आवाज बंद होता. एक मुलगी वळता वळता हसली ते तिला मिळालं. दुसरीची उडी हुकली, तेव्हा ती मनातल्या मनात स्वतःवर चिडली. दोन नाचांच्या मध्ये ती कॅमेरा खाली घ्यायलाच तयार नव्हती. हात भरून आले तरी.

मेधाने फोटो पाहून फार कौतुक केलं नाही. "हे चालतील," म्हणाली, आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख कळवली.

आता योगिनी काम घेण्याआधीच सगळं सांगते. एका घरच्यांनी ऐकून दुसरी फोटोग्राफर पाहिली. काहींनी ठेवलं. उलट पावलांनी चालणं तिने सोडलं, नवरीचं आगमन केतकी टिपते. दोघींचं अधूनमधून बिनसतं, कारण योगिनीला केतकीच्या बाजूचेही सगळे फोटो लगेच पाहायचे असतात.

पुढची डोळ्यांची तपासणी आली की तिची झोप उडते. सकाळी कुसुमताई सोबत जायला तयार होऊन बसलेल्या असतात, तरी ती खोल्यांमधून येरझारा घालत राहते.