चार कोरचा प्रोसेसर

अकोल्याच्या त्या दुकानात मी पाऊण तास उभी होते आणि दुकानदारानं मला एक अक्षर विचारलं नाही. खुर्च्या दोनच. एकीवर माझा नवरा, दुसरीवर दीर. कॉम्प्युटर घ्यायचा होता लग्नाच्या फिल्मांचं एडिटिंग करायला, आणि आमच्या स्टुडिओत एडिटिंग करायची मी. पण प्रोसेसर निवडत होते हे, ज्यांना माऊस धड धरता येत नव्हता, आणि दीर, ज्याला नुसता गेम खेळता येत होता.

दीर म्हणे दोन कोरचा घेऊ, त्याचा वेग जास्त, गेम पळतो. मी म्हटलं, त्याच किमतीत चार कोरचा येतो, चार डोकी एकदम काम करतात, त्यावर रेंडर लवकर होतं. रेंडर म्हणजे कापून जोडलेली फिल्म कॉम्प्युटर एकसंध करून देतो ते. मधे लाईट गेली की पहिल्यापासून. आणि आमच्या गावात लाईट सलग तीन तासांवर टिकत नव्हती. दिरानं दात काढले.

"वयनी, तुमाले काय समजते त्यातलं?"

यांनी पैसे मोजले. दोन कोरचा आला.

त्या उन्हाळ्यात भाव नसल्यानं कापूस घरोघर पडून होता. लोकांनी मंडप लहान केले, पंगती कमी केल्या, पण शूटिंग सोडलं नाही. रेंडरला लागायचे चार तास. तुकड्यातुकड्यानं करावं तर जोडताना आवाज मागं राहायचा. फिल्मा तुंबल्या, आणि लाईट आली की आधी दीर गेममधल्या बंदुका झाडायला बसायचा. मेल्याचं तोंड बघायला नको वाटायचं. अजूनही वाटतं.

एक दिवस लग्न झालेली एक पोरगी वडिलांना घेऊन फिल्म न्यायला आली. संध्याकाळी बडनेऱ्याहून तिची गाडी होती, सासर पार परराज्यात. रेंडर अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर होतं आणि लाईट गेली. पोरगी रडायलाच लागली. तिचे वडील यांच्यावर भडकले, हे काम करते तरी कोण म्हणून.

सहा वर्षं हे गिऱ्हाइकांना सांगत आले होते की एडिटिंग मी स्वतः करतो. डीव्हीडीवर नाव यांचं, कौतुक यांचं. त्या दिवशी यांनी माझ्याकडे बोट केलं.

"माही बायको करते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीचा पत्ता लिहून घेतला, फिल्म पोस्टानं पाठवते म्हणून शब्द दिला. मग वायरी उपटल्या आणि कॉम्प्युटरचा डबा काखोटीला मारला.

"काम माहं आहे ना? मंग प्रोसेसरबी मीच आनीन."

दीर मागं मागं आला, त्यात माझा गेम अर्धा राहिलाय म्हणत. मी वळूनही बघितलं नाही. अकोल्याच्या दुकानदारानं साहेब कुठं म्हणून विचारलं. मी खुर्ची ओढून बसले आणि वर थोडे पैसे देऊन चार कोरचा बदलून घेतला.

पोरीची फिल्म अडीच तासांत झाली. फिल्मच्या शेवटी नावं येतात, त्यात एडिटिंगसमोर मी माझं नाव टाकलं. कोणाला विचारलं नाही.