बाईंनी नापास केलेला जोड

पदर कमरेला खोचायचा, पोलादी पिंपावर दोन टिचक्या मारायच्या आणि डॉक्टरीणबाईंच्या थाटात विचारायचं, "सांग, कुठं दुखतंय?" आमच्या सातपूरच्या कारखान्यात वेल्डिंग तपासणाऱ्या बाई कामाला सुरुवात करायच्या त्या अशा. पिंप गप्पच बसे. "कुठंच नाही, बाई," असं घाईघाईनं सांगायचा तो वेल्डर.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन जमिनीखाली खोल पुरायचं तर ते कशात ठेवावं, याचे प्रयोग एका सरकारी प्रयोगशाळेत चालले होते. त्यासाठी नमुन्याची रिकामी पिंपं आम्हाला बनवायची होती. ड्रॉइंग माझं, त्यामुळे मी उगाचच छाती काढून फिरायचो. सवयीनं मी झाकणाला बोल्ट दाखवले होते. "जमिनीत जाऊन परत उघडणार कोण, तुम्ही?" बाईंनी विचारलं. बोल्ट गेले, झाकण कायमचं वेल्ड करायचं ठरलं.

पहिला जोड केला बाईंच्या यजमानांनी. तो पास झाला की हेड वेल्डरची जागा त्यांची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंना तर जास्तच.

बाईंनी जोडावर लाल रंग लावला, पुसला आणि वरून पांढरी पावडर फवारली. बारीकशी चीर असली तरी आत मुरलेला रंग पावडरीवर उमटतो. मोहरीएवढा लाल ठिपका उमटला.

यजमान हळूच म्हणाले, "अगं, रिकामंच तर जायचंय."

"घासून परत करा," बाई म्हणाल्या.

फाटकात ट्रक उभा, मॅनेजर घड्याळ दाखवतायत. बाई सरळ त्या आडव्या पिंपावर चढून बसल्या आणि त्यांनी डबा उघडला. आता पिंप नेणार कसं? अर्धी भाकरी त्यांनी यजमानांपुढे धरली. "आधी खाऊन घ्या. उपाशीपोटी हात हलतो तुमचा."

यजमानांनी खाल्लं, जोड घासला, पुन्हा केला. तो निवल्यावर बाईंनी पुन्हा पावडर फवारली तेव्हा सगळं खातं भोवती गोळा झालं होतं. पावडर पांढरीच राहिली.

"बाई, आता नाव घ्या, त्याशिवाय पिंप हलायचं नाही," कुणीतरी म्हणालं. बाईंनी मॅनेजरांकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"पांढऱ्या पावडरीवर दिसेना लाल ठिपका,
सुधाकररावांचा जोड सोळा आणे पक्का."

असा हशा उसळला की ट्रकवालाही आत आला. सुधाकररावांनी झटकन वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढून घेतला.

पुढे काही वर्षांनी बाई गेल्या तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. फार मायेची बाई गेली होती. सुधाकरराव म्हणाले, "त्या दिवशी तिनं डोळे झाकून पास केलं असतं ना, तर तिच्यासमोर ताठ मानेनं जेवता आलं नसतं मला." मग म्हणाले, "पण नाव काय ठसक्यात घेतलं होतं, नाही?" आणि डोळे पुसता पुसता आम्ही दोघंही हसत सुटलो.