बारा घेतले, अकरा दिले

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, भर दुपारी, माझी पत्नी सुलभा गेली. लखनौच्या निशातगंजमधल्या आमच्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, तेव्हा आम्ही तिघंच होतो. ती, मी आणि माझी भाची वैशाली. वैशाली इथल्याच एका इस्पितळात स्टाफ नर्स आहे. तिने सुलभाचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा एकदा नाडी पाहिली आणि "मामा..." एवढंच म्हणाली. मग चादर सरळ केली आणि पलंगाशेजारच्या लाकडी स्टुलावर बसून राहिली. ते स्टूल एरवी स्वयंपाकघरात असतं. सुलभाबद्दल लिहायचं तर त्या स्टुलापासूनच लिहायला हवं.

मी बँकेतला हिशेबनीस माणूस. साताऱ्याहून बदली होऊन इथे आलो, त्याला आता दहा वर्षं होतील. माझे मेहुणे फौजेत सुभेदार. ते इथल्या छावणीत असताना वैशालीला नर्सिंग स्कूलमध्ये प्रवेश मिळाला आणि लगेचच त्यांची आसामला बदली झाली. मुलगी हॉस्टेलवर राहिली, लोकल गार्डियन आम्ही. दर रविवारी सकाळी मी गोमतीपलीकडे जाऊन रजिस्टरवर सही करायचो, तिला घेऊन यायचो आणि पाचच्या आत परत पोहोचवायचो. आम्हाला मूलबाळ नाही. सुलभाचा आठवडा त्या रविवारी सुरू व्हायचा आणि त्याच रविवारी संपायचा.

सुरुवातीला वैशाली खूप बोलायची, निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत. वॉर्डात ड्यूटी बदलताना 'ओव्हर' कसा देतात, ते तिने एकदा ओट्यापाशी उभं राहून करून दाखवलं. जाणारी नर्स एकेका बेडपाशी थांबून पेशंटचं सगळं सांगते, येणारी ऐकते आणि "घेतला" म्हणते. त्यानंतर जाणारीने मागे वळून बघायचं नाही, सरळ जेवायला जायचं. सुलभा हसली. "बरं आहे की गं! आमच्या स्वयंपाकघराचा ओव्हर घ्यायला कुणी येत नाही. हे तर पेपरामागून 'चहा' एवढंच म्हणतात."

दुसऱ्या वर्षी वैशालीला जळलेल्या पेशंटांच्या वॉर्डात ड्यूटी लागली आणि तिचं बोलणं थांबलं. घरात आली की आधी हात धुवायची, मग पुन्हा धुवायची. जेवताना घास हातात तसाच राहायचा. मी अभ्यासाचं विचारलं की "ठीक है मामा," म्हणायची. सुलभा मला डोळ्यांनी गप्प करायची. मला वाटायचं, विचारल्याशिवाय कळणार कसं?

मग जानेवारीतला तो रविवार. बाहेर धुकं इतकं की समोरचं फाटक दिसत नव्हतं. मी मफलर गुंडाळून निघणार, तोच दाराशी सायकल रिक्षा थांबली. वैशाली माझ्या सहीशिवाय एकटीच आली होती आणि पायाशी तिची पत्र्याची ट्रंक होती. आत येऊन म्हणाली, "मी परत जाणार नाही."

मी तिला शांतपणे समजावायचा प्रयत्न केला. मधेच सोडलं तर बाँडचे पंधरा हजार भरावे लागतील. सर्टिफिकेटं स्कूलच्या ताब्यात आहेत, ती अडकतील. पाचच्या आत हॉस्टेलवर दिसली नाहीस तर नाव कापतील. "निदान कारण तरी सांग. वडिलांना मी काय कळवू?"

"कारण नाहीये, मामा. बस्स." मग एकदम मोठ्याने, "सीनियर दीदी म्हणतात, आदत हो जाएगी. मला आदत नकोय!"

आत सुलभा भरतासाठी गॅसवर वांगं भाजत होती. त्याचा वास बाहेरच्या खोलीत आला मात्र, वैशाली तोंड दाबून मोरीकडे धावली. उलट्या झाल्या. सुलभाने गॅस बंद केला, वांगं चिमट्याने उचलून मागच्या अंगणात टाकलं, खिडक्या उघडल्या. वैशालीचं तोंड पुसून तिला पलंगावर बसवलं आणि स्वयंपाकघरातलं स्टूल आणून ती तिच्यासमोर बसली.

"बेड नंबर एक," ती म्हणाली. "सांग."

वैशालीला कळेना. "मामी, मजाक नको."

"मजाक कुठे करतेय? ड्यूटी संपली ना तुझी? ओव्हर दे. एक नंबर."

वैशाली खालमानेने सांगू लागली. एक नंबर, स्टोव्हचा भडका, दोन्ही हात, आता थोडं जेवते. सुलभा म्हणाली, "घेतली." दोन नंबर... "घेतली." मी दारातच उभा होतो, मफलर तसाच गळ्यात. आठ नंबरपर्यंत आल्या आणि वैशाली थांबली.

"नऊ?"

"खाली... रिकामा आहे."

"कधीपासून?"

"कालपासून." आणि मग बांध फुटला. एकोणीस वर्षांची, वैशालीच्याच वयाची, नवी नवरी. रोज विचारायची, दीदी, घर कब भेजोगी? शुक्रवारी वैशाली तिला "कल" म्हणाली होती. शनिवारी पहाटे ती गेली. वैशालीला रडू आलं तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरने दोन मिनिटं बाथरूममध्ये जाऊन यायला सांगितलं आणि लगेच दहा नंबरचं ड्रेसिंग करायला लावलं. "मी खोटं बोलले, मामी. तिने मेरी बात मान ली..."

सुलभाने समजूत घातली नाही. तिच्याकडे नीट बघत म्हणाली, "नऊ नंबर. घेतली. दहा?"

बारापर्यंत सगळं झालं. "आता ड्यूटी माझी. तू झोप." वैशाली रजईत शिरली आणि सलग झोपली. सुलभा स्टुलावरून उठली नाही. मी दोनदा घड्याळ दाखवलं, तिने दोनदा मान हलवली. चार वाजता तिनेच वैशालीला उठवलं, वरण-भात खाऊ घातला आणि म्हणाली, "आता परत घे. पण अकराच देते. नऊ नंबर माझ्याकडे राहू दे."

वैशालीने तिच्याकडे पाहिलं. मग उठून ट्रंकेला हात घातला. पाचला दहा कमी असताना मी रजिस्टरवर सही केली.

त्यानंतर कोर्स संपेपर्यंत दर रविवारी ओव्हर झाला. सुलभा घ्यायची, संध्याकाळी परत द्यायची. भरीत मात्र आमच्या घरात पुन्हा झालं नाही, आणि माझ्या आवडीचं असूनही मी ते मागितलं नाही.

यंदा सुलभाच्या पोटातल्या कॅन्सरने घाई केली. जाण्याच्या दोन दिवस आधी तिने वैशालीला स्टुलावर बसवलं. "ओव्हर घे गं. एक नंबर, हे. ब्लडप्रेशरची गोळी घेतली म्हणतात, घेतलेली नसते. एकटे जेवत नाहीत, उभ्याने काहीतरी खातात." वैशाली चादरीची कड सरळ करत राहिली. "घेतला म्हण की!" "घेतला, मामी." मग वैशालीनेच विचारलं, "आणि नऊ नंबर?"

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. "ती यांच्याकडे. हे काही हरवत नाहीत."

गेल्या रविवारी वैशाली आली. आधी गोळ्यांची पट्टी मोजली, मग पलंगावर टेकली. मी स्टूल पुढे ओढून बसलो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी कधी विचारली नव्हती, ती विचारली. "त्या नऊ नंबरचं नाव काय होतं?"

"फूलमती," वैशाली म्हणाली. "बाराबंकीची."

मी म्हणालो, "घेतली."