साडेसातशे वॅटचा डबा

विश्वास पानिपतात गेला, असं लोक गमतीनं म्हणतात. मी ते गमतीनं म्हणत नाही. तीस वर्षं मी जिनिंग मिलमध्ये कापसाची प्रत ठरवण्याचं काम केलं. ट्रॉली यायची तेव्हा वरचा कापूस पांढराशुभ्रच असायचा, म्हणून वरचा बघायचाच नसतो. कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, तळातला मूठभर काढायचा आणि दाबून बघायचा. कुठे पाणी मारलेलं असायचं, कुठे कवडी म्हणजे किडका, पिवळा कापूस दडवलेला, एकदा तर मधोमध जात्याची अर्धी तळी निघाली. ही सवय घरीही आली. भरताची वांगी घेताना मी एकेकाचं देठ उलटून बघतो. फोनवर कोणी गोड बोलायला लागलं की आधी विचारतो, काम काय आहे ते बोला. बायको म्हणते, तुमच्या भरवशाची माणसं मोजायला एक बोट पुरतं.

ते एक बोट म्हणजे धुळ्याचा माझा मित्र. अमळनेरला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो, एका डब्यात जेवायचो. पुढे त्यानं आधी पंपाच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरण्याचं, मग टीव्ही दुरुस्तीचं आणि आता कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान टाकलं. आठवड्यातून दोनदा त्याचा फोन येतो. निवृत्त झाल्यापासून दुसऱ्या कोणाचा फारसा येत नाही.

आमची मुलगी तेवीस वर्षांची आहे. तिला कॉम्प्युटरवर खेळायचा नाद, आणि तोही साधासुधा नाही. दोन वर्षं शिकवण्या घेऊन तिनं एक ग्राफिक्स कार्ड घेतलं. मी ते हातात घेऊन बघितलं, विटेएवढी वस्तू. आता बाकीचा कॉम्प्युटर ती स्वतः जोडणार होती. ती म्हणाली, ‘‘पप्पा, सगळ्यात आधी चांगला पॉवर सप्लाय पाहिजे, सगळ्याला वीज पुरवणारा डबा. तो खराब निघाला तर कार्ड जळून जाईल. पुन्हा दोन वर्षं शिकवण्या घ्यायची माझ्यात ताकद नाही.’’

हे मला लगेच पटलं. जळगावात लाइट जाते त्याचं काही नाही, ती येते तेव्हा दणका देऊन येते. आमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर तशाच एका दुपारी गेला. त्यामुळे पॉवर सप्लायच्या बाबतीत घरात मतभेद नव्हता. तो कोणाकडून घ्यायचा, यावरून जुंपली.

तिनं ऑनलाइन एक बघून ठेवला होता, साडेसहाशे वॅटचा. त्यावर ‘गोल्ड’ असा शिक्का. जळगावच्या माणसाला सोनं दाखवतात! मी म्हणालो, डब्याला सोन्याचं नाव दिलंय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

‘‘ते सोनं नाही पप्पा. वीज किती वाया जाते त्याची परीक्षा असते.’’

‘‘परीक्षा कोण घेतं?’’

‘‘एक संस्था आहे.’’

‘‘आणि संस्थेला पैसे कोण देतं?’’

मला वाटलं जिंकलो. मग तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यात एक माणूस तोच डबा उघडून आतला एकेक भाग दाखवत होता. मी विचारलं, त्यानं उघडलेला डबा आणि आपल्या घरी येणारा डबा सारखाच कशावरून? लोकांचे चांगले अभिप्राय दाखवले, तर मी विचारलं यातले कंपनीचे नोकर किती. शेवटी ती म्हणाली, ‘‘मग तुमचा भरवसा आहे तरी कोणावर?’’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी धुळ्याला गेलो.

मित्रानं चहा मागवला, पोह्यांची प्लेट पुढे केली आणि फळीवरून एक काळा डबा काढला. साडेसातशे वॅट, ठळक अक्षरांत. त्यानं तो माझ्या हातात ठेवला.

‘‘उचली देख, भाऊ. मझार बठ्ठा तांबाच शे.’’

आत सगळं तांबंच आहे म्हणाला, आणि डबा खरंच चांगला जड होता. शेजारी दुसरा एक होता तो उचलून बघितला, तर तो फुलका. मी दोन्ही हातांनी दोन-तीनदा तोलला. आत काहीतरी भरलंय, पोकळ नाही, एवढं मला पुरलं. तो म्हणाला, ‘‘तुन्ही पोर ती मन्ही पोर. वाईट देसू का?’’ मी डबा पिशवीत टाकला आणि एसटीत थेट जळगावपर्यंत तो मांडीवर धरून बसलो.

घरी मुलीनं डबा घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. मागच्या कागदावर बारीक अक्षरं होती. ‘‘पप्पा, हे बघा. बारा व्होल्टच्या पुढे वीस अँपियर लिहिलंय. कार्ड त्याच्यावरच चालतं. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस. मग साडेसातशे कुठून आले?’’

‘‘कागदावर काहीही छापतात,’’ मी म्हणालो. ‘‘वजन बघ वजन. वजन खोटं बोलत नाही.’’

हे मी बोललो. ज्यानं तीस वर्षं पाणी मारलेला कापूस परत पाठवला, त्यानं. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात.

ती हळूच म्हणाली, ‘‘उघडून बघूया का?’’

मी भडकलो. माझ्या माणसानं दिलेली वस्तू माझ्या घरात उघडून तपासायची? तो माझ्या ताटात जेवलेला माणूस आहे, असं बरंच बोललो. ऑनलाइन काही मागवायचं नाही, असंही बजावलं. ती ‘बरं’ म्हणाली. आठ दिवसांनी कॉम्प्युटर जोडून झाला. काचेच्या पेटीतून कार्ड दिसत होतं, पंखे फिरत होते. पॉवर सप्लाय तळाला पत्र्याच्या आड असतो, तो दिसत नाही. मी मित्राला फोन करून सांगितलं, तुझा डबा झकास चाललाय. तो खूश झाला, आणि पुढे दर फोनला कॉम्प्युटरची चौकशी करू लागला. भर उन्हाळ्यात लाइटनं दणके दिले, शेजारच्यांचा टीव्ही गेला, पण आमचं कार्ड शाबूत राहिलं. मी चार लोकांत मिरवलो.

दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावर चढलो. गोधड्यांच्या मागे एक कापडी पिशवी होती. उचलली तर ओळखीचं वजन हाताला लागलं; आत धुळ्याचा तोच काळा डबा.

मला आधी डब्याचा नाही, मुलीचा संशय आला. माझ्या पाठीमागे दुसरा घेतला, तोंडावर ‘बरं’ म्हणाली, आणि मी गावभर सांगत फिरतोय! रागानं खाली उतरलो आणि तेव्हाच दिसलं की डब्याचे चारही स्क्रू नुसते टेकवलेले आहेत. झाकण बोटानं निघालं. आत चार बारीक वायरी होत्या, एक किरकोळ पट्टी होती आणि तळाला डिंकासारख्या कशानं तरी चिकटवलेला लोखंडाचा जाड तुकडा होता. तो कशालाच जोडलेला नव्हता. फक्त वजनाला होता.

मी तो तुकडा बोटानं हलवून बघितला. तेवढ्यात मुलगी आली. तिनं माझ्याकडे आणि उघड्या डब्याकडे पाहिलं.

‘‘कधी उघडलास?’’

‘‘तुम्ही आणलात त्याच दिवशी.’’

‘‘आणि मला सांगितलं नाहीस?’’

‘‘सांगितलं असतं तर तुम्ही काकांशी बोलणं तोडलं असतं.’’ ती माझ्या शेजारी बसली. ‘‘मग तुम्ही कोणाशी बोलला असता, पप्पा?’’

रागवायचं होतं, ते जमलं नाही. मी उठून दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसलो.

दोन दिवसांनी नेहमीप्रमाणे मित्राचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं विचारलं, ‘‘पोरनं कॉम्प्युटर कसं चाली राह्यनं?’’ दोन दिवस मी मनात शिव्या रचून ठेवल्या होत्या. पण त्याचा आवाज ऐकला आणि वेगळंच बोललो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी एखाद्याला चोर न समजता फसलेला माणूस समजलो.

‘‘तुना दुकानमा तसा डबा व्हई तं एक उघाडी देख,’’ मी म्हणालो. ‘‘तुले कोनीतरी फसाडं शे.’’

पलीकडे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

‘‘माले मालूम शे, भाऊ,’’ तो म्हणाला. ‘‘तुले दिना तवय मालूम नव्हतं. मंग एक गिऱ्हाईक परत लयी उना, तवय उघाडीसन देखं. तुले सांगानी हिंमत व्हयनी नही.’’

म्हणजे मला डबा दिल्यावर, गिऱ्हाइकानं एक परत आणला तेव्हा त्याला कळलं होतं. उन्हाळाभर तो फोनवर कॉम्प्युटरची चौकशी करत होता, ती का, हे मला तेव्हा कळलं. कार्ड जळलं का, हे तो विचारत होता. की नुसतं आपण पकडले गेलो का, हे बघत होता? तो खरं बोलत होता की फोनवर सुचलं ते, हे मला आजही माहीत नाही. तपासायला त्याच्या आत हात घालता येत नाही.

‘‘कार्ड चांगलं शे,’’ मी म्हणालो. मी फोन ठेवला नाही, त्यानंही ठेवला नाही.

तो खरंच बोलला, असं मी ठरवलंय. फक्त ते एकदा ठरवून भागत नाही, त्याचा फोन वाजला की प्रत्येक वेळी पुन्हा ठरवावं लागतं.